देवाचे किरकोळ निरोप

सेलूच्या ख्रिस्ती मंडळीशी देव पहिल्यांदा बोलला तो बाकाविषयी.

एकोणऐंशी सालच्या जुलैतला रविवार होता. उपासना संपत आली होती आणि पाळक प्रेमदास यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" अकरा वर्षं ते हा प्रश्न विचारत होते आणि अकरा वर्षं लोक ताप उतरल्याचं नाहीतर हरवलेली म्हैस सापडल्याचं सांगून खाली बसत होते. त्या दिवशी मनकर्णाबाई उठली. एकटी राहणारी विधवा बाई. हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची, पावसाळ्यात शेतात तण निंदायला जायची. वाचता येत नव्हतं, आणि प्रार्थनेत 'आमेन'पलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"देव माह्यासंग बोलला," ती म्हणाली.

सगळी मंडळी मागे वळली. प्रेमदासांनी हातातलं शास्त्र मिटलं. "काय म्हणाला?"

"तिसऱ्या बाकावर कोनी बसू नोका म्हने."

"आणखी?"

"आनखी काई नाई. येवढंच." आणि ती पदर सावरून खाली बसली.

प्रेमदासांनी आठवडाभर त्या वाक्यावर डोकं शिणवलं. देव बोलला असेल तर त्यात खोल काहीतरी असणारच. पुढच्या रविवारी त्यांनी चाळीस मिनिटं संदेश दिला. पहिल्या बाकावर बसणारे उत्साही, शेवटच्या बाकावर बसणारे नम्र, आणि तिसरा बाक म्हणजे ना धड इकडचा ना धड तिकडचा, असा डळमळीत विश्वास. संदेश चांगला रंगला. दोघींनी डोळे पुसले.

किसनराव गुरुजी मात्र पेटले. ते शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीचे ज्येष्ठ पंच, वजनाने दोन माणसांइतके. "देवाला जे बोलायचं होतं ते त्यानं शास्त्रात बोलून ठेवलं आहे," ते उठून म्हणाले. "शेवटचं पान झालं, विषय संपला. आता तो बाकांबद्दल बोलत नाही." आणि एवढं बोलून ते, सिद्ध करायचं म्हणूनच, तिसऱ्या बाकावर जाऊन बसले.

बाक आतून वाळवीने खाल्लेला होता. गुरुजींना उठवायला चार माणसं लागली.

त्यानंतर मनकर्णाबाईकडे मंडळीचे डोळे लागले. देवही जणू मोकळा झाला. पुढच्या रविवारी त्याने कळवलं की बाजाच्या पेटीत उंदराचं बिऱ्हाड आहे. पेटी उघडली तर भात्यामागे आई आणि पाच पिल्लं. त्याच्या पुढच्या रविवारी निरोप आला की मंडळीचे सेक्रेटरी लक्ष्मणराव ज्याच्यासाठी दोन दिवस घर उलथंपालथं करत होते तो चष्मा त्यांच्या छत्रीत आहे. लक्ष्मणरावांनी जागच्या जागी छत्री उघडली आणि चष्मा त्यांच्या डोक्यावर पडला.

सगळे आनंदले. एकट्या प्रेमदासांना जेवण जाईना.

त्यांचं दुःख वेगळंच होतं. ते सतरा वर्षांचे असताना एका मिशनरी साहेबांनी त्यांना सांगितलं होतं की देव आजही माणसाशी बोलतो, फक्त कान तयार हवा. तेव्हापासून प्रेमदास कान तयार ठेवून होते. पहाटे उठत, उपास करत, डोळे मिटून शास्त्र उघडत आणि बोट ठेवत. बोट नेहमी वंशावळीवर पडे. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. देवाच्या इच्छेशिवाय ते कुठलंही काम करत नसत, आणि इच्छा कळत नसल्यामुळे त्यांची पुष्कळ कामं राहून गेली होती.

त्यातलंच एक काम म्हणजे कवेलू फेरणं, छपराची कौलं काढून पुन्हा नीट बसवणं. मे महिन्यात त्यांची बायको आनंदाबाई म्हणाली होती, "पावसाच्या आधी सैपाकघरावरचे कवेलू फेरा." प्रेमदास म्हणाले, "प्रभूची इच्छा काय आहे ते पाहू." आठ दिवस त्यांनी पाहिलं. मग पंधरा दिवस पाहिलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आनंदाबाईने लोखंडी पेटी भरली. "मी सिंदीले मायच्या घरी चालली. त्याची इच्छा समजली का सांगाले येजा," म्हणाली आणि गेली.

तेव्हापासून प्रेमदास एकाच प्रश्नावर अडकून होते: तिला आणायला जावं का? रोज सकाळी विचारत. देव गप्प.

आणि तोच देव मनकर्णाबाईशी उंदरांविषयी बोलत होता!

शेवटी त्यांनी धीर एकवटला. शास्त्रात एका माणसाने खळ्यात लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली होती, ते त्यांना आठवलं. लोकर सेलूत कुठली मिळणार? त्यांनी उशी उसवली, त्यातला कापूस संध्याकाळी अंगणात मांडला आणि प्रार्थना केली: "प्रभू, उद्या सकाळी जमीन ओली आणि कापूस कोरडा असला, तर मी सिंदीला जाईन." ऑगस्टचे दिवस. रात्रभर पाऊस झोडपत होता. सकाळी जमीन ओली होती, कापूस ओला होता, दाराशी ठेवलेल्या चपला वाहून शेजाऱ्याच्या गोठ्यात गेल्या होत्या. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा मागणी केली, उलटी: जमीन कोरडी, कापूस ओला. तोवर उघडीप पडली होती. सकाळी जमीन कोरडी होती, पण कापूसच नव्हता. शेजाऱ्याची बकरी कुंपणापाशी उभी राहून जिभेला चिकटलेले धागे काढत होती.

बकरी ही खूण आहे का, यावर त्यांनी तीन दिवस विचार केला.

इकडे पंचमंडळाची सभा भरली. मनकर्णाबाईला मधे मोडक्या स्टुलावर बसवलं. लक्ष्मणराव निवृत्त पोस्टमास्तर; कुठलाही निरोप रस्त्याने येताना त्यावर शिक्का बसलाच पाहिजे, हा त्यांचा स्वभाव. "बाई, निरोप कव्हा येते?" त्यांनी विचारलं.

"भाकर थापताना."

"सही गिही काई? नाव सांगते का?"

"त्याले काऊन विचारू नाव?"

"मग देवच आहे हे कसं ओळखता?" गुरुजींनी मध्येच विचारलं. कमरेला पट्टा बांधल्यामुळे ते आता उभे राहूनच बोलत.

मनकर्णाबाईने थोडा विचार केला. "दुसरं कोनी माह्यासंग बोलत नाई, गुरुजी."



प्रेमदासांच्या मनात होतं ते अखेर तोंडातून निघालं. "पण मनकर्णाबाई, इतकं किरकोळ का? विश्वाचा निर्माता आहे तो. बाक, उंदीर, चष्मा... तारणाबद्दल, शेवटच्या दिवसांबद्दल काही बोलत नाही?"

"मले काय माईत, पास्टरसाहेब. मी काई बोलावलं नाई त्याले. तो येते, सांगते, जाते. मोठं मोठं तुमाले सांगत असंन."

प्रेमदासांनी मान खाली घातली.

दोन तास चर्चा झाली. देव शास्त्रातून बोलतो यावर एकमत होतं. स्वप्नातून बोलतो यावर बहुमत होतं. भाकरी थापताना बोलतो यावर तीन विरुद्ध दोन. शेवटी लक्ष्मणरावांनी ठराव लिहिला: देवाने यापुढे मंडळीसंबंधीचे महत्त्वाचे निरोप योग्य मार्गाने, म्हणजे सेक्रेटरींमार्फत पाठवावेत, आणि तोपर्यंत मनकर्णाबाईंनी त्याला एकच प्रश्न विचारावा, की सेलूच्या मंडळीसाठी त्याची योजना काय आहे. ठराव मंजूर झाला. लक्ष्मणरावांनी तो उभं राहून, वर तोंड करून मोठ्याने वाचला. वरून पोच आली नाही.

पुढच्या रविवारी चर्चभर माणसं. तुटक्या बाकाच्या जागीसुद्धा सतरंजी टाकून लोक बसले होते. बोरगावहून कुणाचे पाहुणे आले होते. प्रेमदासांनी संदेश आटोपता घेतला, कारण कुणाचं लक्ष नव्हतं.

"मनकर्णाबाई, विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

बाईला जरा अवघडल्यासारखं झालं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "कांदे सडून राह्यले म्हने."

"कुणाचे?"

"ते नाई सांगतलं."

गुरुजी म्हणाले की कांदा म्हणजे पदरावर पदर, आत काही नाही, तेव्हा हा मनुष्यस्वभावावर घाला आहे. लक्ष्मणराव म्हणाले, पत्ता अपुरा आहे. पण बायका तोवर उठल्याच होत्या. आशीर्वादाची वाटसुद्धा न पाहता त्या घरोघर गेल्या, आणि त्या दुपारी सेलूत ख्रिस्ती घरांमधला झाडून सगळा कांदा उपसला गेला. सगळा ठणठणीत निघाला.

प्रेमदास घरी आले. कुलूप काढलं. तीन महिने ते ओसरीतच स्टोव्हवर खिचडी टाकत होते. सैपाकघराचं दार त्यांनी आनंदाबाई गेल्यापासून उघडलं नव्हतं. ओसरीला काही दिवसांपासून वास येत होता, पण तो पावसाळ्याचा असेल असं त्यांनी धरलं होतं.

त्यांनी दार ढकललं आणि नाक धरून मागे सरले. आनंदाबाईने वर्षभराचे कांदे वेणी घालून आढ्याला टांगले होते. वर कवेलू सरकलेले. तीन महिने पाणी नेमकं त्या वेण्यांवर गळत होतं. आता तिथून काळा रस चुलीत ठिबकत होता.

प्रेमदास उंबऱ्यावर बसले. त्यांना राग आला नाही, भीती वाटली नाही, प्रकाशही दिसला नाही. त्यांना लाज वाटली. एवढ्या विश्वाच्या धन्याने आपल्या सैपाकघरात डोकावून पाहिलं, आणि आपण स्वतः मात्र एकदाही पाहिलं नाही. मग त्यांनी बाह्या वर केल्या, टोपलीभर घाण काढून उकिरड्यावर टाकली, चूल खरवडली, अंघोळ केली आणि धुतलेला सदरा घातला. स्टेशनकडे अर्धा रस्ता चालून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की निघताना आपण देवाला विचारलंच नाही. ते क्षणभर थांबले. मग पॅसेंजर चुकेल म्हणून पळत सुटले.

सिंदीला सासूने दार उघडलं. धुरपताबाई कापसाच्या वाती वळाव्या तशा सावकाश बोलायच्या. "या जवाईबापू. बसा."

आनंदाबाई आतून आली. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "देवानं सांगतलं म्हनून आले का?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," प्रेमदास म्हणाले. "कांदे सडले म्हणून आलो."

"सगळे?"

"सगळे."

तिच्या तोंडावर काय चाललं होतं ते त्यांना कळेना. मग ती म्हणाली, "मी पन विचारलं होतं देवाले, जाऊ का नाई म्हनून. मले त्यानं सांगतलं, नवरा आला तं जाऊ नको. दुसऱ्यांदा आला तं जाय."

"म्हणजे?"

"म्हनजे आता पयल्यांदा आले तुमी."

प्रेमदासांनी सासूकडे पाहिलं. सासू आढ्याकडे पाहत होती. अकरा वर्षं पाळकपण केलेला माणूस. देवाचं सांगणं आहे म्हटल्यावर वाद कुठे घालणार? ते उठले, चपला घातल्या, स्टेशनवर गेले. एक चहा घेतला. बाकावर बसून एक मालगाडी जाऊ दिली. दुसरा चहा घेतला आणि परत येऊन दार वाजवलं.

"अगोबाई, जवाईबापू!" धुरपताबाई म्हणाल्या. "कव्हा आले? कळवाचं तरी! आनंदा, कोन आलं पाय!"

या खेपेला तांब्याभर पाणी आलं, पोहे आले, विचारपूस झाली. सेलूकडे पाऊस कसा आहे, तब्येत का उतरली. प्रेमदासांनीही सगळी उत्तरं नव्याने दिली. संध्याकाळच्या आत आनंदाबाईने लोखंडी पेटी बाहेर आणून ठेवली.

पॅसेंजर उशिरा होती. फलाटावर पेटीवर दोघं शेजारी बसली. प्रेमदासांना राहवेना. "आनंदा, देव खरंच बोलला तुझ्याशी?"

"बोलला नं."

"आवाज कसा होता?"

"हळू. मी भांडे घासून राह्यली होती, आवाजात नीट आयकू नाई आलं." ती जरा थांबली. "दुसऱ्यांदा म्हनला का तिसऱ्यांदा, ते आता काई सांगता येत नाई."

तेवढ्यात गाडीचा धूर दिसला. प्रेमदासांनी पुढे एक शब्द विचारला नाही. गाडी पुरती थांबायच्या आत त्यांनी पेटी डोक्यावर घेतली, समोर आलेल्या पहिल्या डब्यात ढकलली आणि तिच्यामागे आनंदाबाईलाही हात देऊन वर ओढून घेतलं.