आजोबांच्या खोलीतला गारवा

आमच्या घरी विजेचं बिल अजून आजोबांच्याच नावाने येतं. बिलवाला मोटरसायकलवरून उतरतही नाही. दाराच्या जाळीतून कागद आत सरकवतो आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडतो, "अरिस्तिदेस पोलोऽऽ, वीज!" आजोबा जाऊन काही महिने झालेत हे त्याला चांगलं ठाऊक आहे, मयताच्या घरची कॉफी त्यानेही प्यायली होती. पण कागदावर जे नाव असेल ते हाकारायचं, एवढंच त्याचं काम.

आता मला सांगा, घरातला एक माणूस कमी झाला की बिल कमी व्हायला हवं की नको? आमचं वाढलं. आणि वाढतच गेलं.

यंदा मी दहावीत आहे. ध्वजवंदनाला अख्ख्या शाळेसमोर माईकवर बोलले आणि पाय अजिबात लटपटले नाहीत, तेव्हापासून मला वाटायला लागलंय की आपल्याला सुटणार नाही असं कोडंच जगात नाही. म्हणून मी आईला म्हटलं, "हे बिलाचं माझ्यावर सोड." आई हसलीसुद्धा नाही. तिला हसायला वेळ कुठे होता! आमचं सगळं घर एका फ्रीझरवर चालतं. आई लांबट पिशव्यांत चिंचेचं, नारळाचं, कोरोसोच्या आंबट लाल फळांचं सरबत भरते, गाठ मारते, गोठवते आणि खिडकीतून विकते. बोलिस म्हणतात त्याला. आमच्या बारांकिया शहराच्या उन्हात बोलिस विकायला जाहिरात लागत नाही. पण दोन बिलं थकली की शिडीवाले येतात आणि खांबावरची तार कापतात. तार कापली की फ्रीझर बंद, आणि फ्रीझर बंद म्हणजे आम्ही बंद. एक बिल थकलेलं होतं. दुसरं यायच्या बेतात होतं.

मी मोहीम काढली. टीव्ही बंद. इस्त्री बंद, शाळेचा ब्लाउज गादीखाली दाबायचा. एका खोलीत एकच दिवा. आमच्या वस्तीला ठरावीक युनिटांपर्यंत सरकार सूट देतं, त्यापुढे पूर्ण दर, म्हणून मी युनिटांवर डोळ्यांत तेल घालून बसले. पुढचं बिल आलं ते आधीच्याहून मोठं, आणि भरायची शेवटची तारीख शुक्रवार.

"अगं, काटकसर कसली करतेस," एनेदा मावशी म्हणाली. "तो म्हातारा गेलेलाच नाही."

एनेदा मावशी आमची सख्खी नव्हे. गल्लीत कोणी वारलं की नऊ रात्री प्रार्थना सांगायला तिला बोलावतात. मोबदल्यात कॉफी, बिस्किटं आणि सगळ्यांच्या घरातल्या बातम्या.

"मावशी, तू आणि तुझी भुतं!"

"माझी कशाला? तुमचाच आहे तो. नवव्या रात्री काय झालं आठवतंय ना, वकिलीणबाई?"

आठवत होतं. नवव्या रात्री पांढरी चादर, फुलं, आत्म्यासाठी ठेवलेला पाण्याचा पेला, सगळं आवरतात. मग घरच्यांनी स्वतःच्या हाताने एकेक दिवा बंद करायचा आणि दार सताड उघडायचं, म्हणजे गेलेल्याला कळतं की आता निघायचं. आमच्याकडे शेवटची प्रार्थना चालू असतानाच अख्ख्या वस्तीची वीज गेली. सगळे म्हणाले, चला, आयतंच झालं. हात कोणी लावलाच नाही. आणि लोक उठून दारापर्यंत पोचतायत तोच वीज परत आली, घर लख्ख उजळलं.

"तो उंबऱ्यापर्यंत गेला होता," मावशी म्हणाली, "आणि मागे दिवे लागले. तुम्ही हाक मारलीत असं वाटलं असेल त्याला. वळला बिचारा."

मी हसले. पण माझ्या हातावरचे केस काही हसले नाहीत.

बुधवारी शिक्षकांची सभा होती म्हणून आम्हाला लवकर सोडलं. घरी आले तर भरदुपार, गल्लीत कुत्रंही नाही. आई साखर आणायला गेलेली. दारात शिरताना सवयीने मीटरकडे बघितलं आणि थांबले. नुसत्या फ्रीझरवर त्यातली चकती म्हातारीसारखी रमतगमत फिरते. आता भोवऱ्यासारखी फिरत होती.

मी आत जाऊन सगळी बटणं तपासली. सगळी बंद. मग ती घरघर ऐकू आली. आजोबांच्या खोलीतून.

त्या खोलीत आम्ही कोणी जात नव्हतो. दाराला कुलूप नव्हतं, पण कुलूप असल्यासारखं वागायचो. मी दाराशी उभी राहिले तर दाराखालून गार हवा माझ्या पायाच्या बोटांवरून गेली, कोणी हळूच फुंकर घालावी तशी. मी म्हटलं, युलेदिस, तू माईकवर बोललेली मुलगी आहेस. आणि दार उघडलं.

खिडकीतला जुना एसी चालू होता. खोली इतकी गार की माझ्या घामाचा काटा झाला. पलंगावर स्वच्छ चादर, उशाशी पाण्याचा पेला, काठोकाठ, बाहेरून थेंब धरलेले. आणि चादरीवर, पलंगाच्या कडेला, बसल्याचा खोलगट ठसा. आजोबा सकाळी उठून तिथेच बसायचे, गुडघ्यांवर हात ठेवून, आज काय वार आहे ते आठवत.

  रस्त्यावर आले तेव्हा पायात एकच चप्पल होती.

आई परतली, साखर ठेवली आणि पिशव्या भरायला बसली. मी तिच्यासमोर उभी राहून सगळं धाडधाड सांगितलं. ती गाठी मारत राहिली.

"आई, मी काय सांगतेय!"

"ऐकलं. दार नीट लावलंस ना? गारवा बाहेर जातो."



"तू लावतेस तो?"

"तू शाळेत असतेस तेव्हा. दुपारचे दोन-तीन तास." ती माझ्याकडे बघत नव्हती. "त्यांना ऊन सोसत नाही."

"आई, आजोबा वारलेत."

"मला सांगतेस?" तिच्या हातातली पिशवी निसटली आणि चिंचेचं सरबत फरशीवर पसरलं. ते पुसता पुसता ती बोलली, फडक्याकडे बघत. "त्या दिवशी बिल आलं होतं. ते झोपले होते. म्हटलं, थोडा वेळ एसी बंद करू, झोपेत काय कळणार. इथे सरबत गाळत बसले. मग उठून बघते तर... डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतं. डॉक्टर दुसरं काय म्हणणार गं?"

मी दुसरं फडकं घेऊन तिच्या शेजारी बसले.

"नवव्या रात्री दिवे बंद करायची पाळी माझी होती," ती म्हणाली. "वीज गेली तेव्हा मी देवाचे आभार मानले. म्हटलं, सुटले. मला पुन्हा बटण दाबावं लागलं नाही."

"म्हणून रोज त्यांच्या पलंगावर जाऊन बसतेस?"

आईने मान वर केली. "पलंगावर? मी पाण्याचा पेला ठेवते आणि कायम खाली फरशीवर बसते. नवव्या रात्रीनंतर चादर बदलली, तेव्हापासून पलंगाला मी हात लावलेला नाही, युले."

ती उरलेल्या पिशव्यांना गाठी मारायला लागली, मी त्या फ्रीझरमध्ये रचल्या. 

गुरुवारी मी शाळेत गेलेच नाही. आईला म्हटलं, थकलेल्या बिलाचे हप्ते बांधून मिळतात, कंपनीच्या खिडकीवर मी तुझ्यासोबत येते, मी बोलते. पण हप्ते बांधले आणि तो एसी असाच चालला, तर पुढच्या महिन्यात आपण पुन्हा तिथेच. मग जाऊन एनेदा मावशीला घेऊन आले.

"नववी रात्र, तीही भरदुपारी?" मावशीने कपाळाला हात लावला. "असं कुठे असतं का?"

"रात्री वीज जाते, मावशी. पुन्हा आयतंच झालं तर?"

"तोंड बघा पोरीचं! नारळाचे दोन बोलिस घेईन हं, सांगून ठेवते."

अंधार व्हावा म्हणून आम्ही खिडक्या लावल्या. आजोबांच्या खोलीत एसी चालूच होता, तिथे फुलं ठेवली. मावशीने शेवटची प्रार्थना म्हटली, नेहमीपेक्षा हळू, आणि पेल्यातलं पाणी खिडकीच्या फटीतून बाहेर ओतलं. मग घरातले दिवे. स्वयंपाकघराचा आईने विझवला. पुढच्या खोलीचाही. एसीपाशी आली आणि तिचा हात खटक्याजवळ जाऊन तसाच राहिला. मला ते बघवेना. मी पुढे झाले आणि खटका दाबला. घरघर थांबली.

"नाही!" आई ओरडली आणि तिने लगेच तो पुन्हा लावला. माझं मनगट तिने इतकं घट्ट धरलं होतं की तिची नखं उमटली. "तुझा हात नको. हे तुझ्या वाटणीचं नाही."

"मग नुबिया, तुझा," मावशी दारातून म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

आईने डोळे उघडे ठेवले. "बाबा," ती म्हणाली, "मी बंद करतेय. मी, नुबिया. या वेळी तुम्हाला सांगून." आणि खटका दाबला.

यंत्राने शेवटचा एक आचका दिला. बाहेर भिंतीवर पाणी टपकत होतं, ते सावकाश होत थांबलं. मला वाटलं, झालं, आता उठायचं. पण आई फरशीवर बसली, भिंतीला टेकून.

"त्या दिवशी इथे कोणी बसलं नव्हतं," ती म्हणाली.

मीही बसले. मावशी दार सताड उघडून बाहेर गेली. उन्हाची झळ आधी उंबऱ्यावर आली, मग फरशीवरून सरकत आमच्या पायांपर्यंत, मग गळ्यापर्यंत. आईचा ब्लाउज पाठीला चिकटला. आणि खोली तापायला लागली तसा इतके दिवस गारठून बसलेला वास सुटला, पेपरमिंट, तंबाखू, आजोबांच्या दाढीचा साबण. अगदी जवळून.

पलंगाची स्प्रिंग वाजली. कोणी हातांवर जोर देऊन उठतं तशी, आधी दाबून, मग सुटून.

आईने वर बघितलं नाही. तिने फक्त पाय पोटाशी घेतले, जायला वाट दिली. मीही घेतले.