आईच्या कपाळावरची आठी

शेवटी आईला पासपोर्ट मिळाला. ती विमानात बसली, लेकीकडे पोचली आणि नातीला मांडीवर घेऊन तिथूनच सगळ्यांना सूचना देऊ लागली. आता हे विसरून जा. असं काहीही झालेलं नाही. आई अजून स्वयंपाकघरात आहे, पासपोर्टची मुदत संपलेली आहे आणि तिकडे परदेशात ताईचे दिवस भरत आले आहेत.

तर दूध उतू जात होतं, आणि तिचा फोटोग्राफर मुलगा त्याचा फोटो काढत होता.

"अरे, गॅस बंद कर!" आई ओरडली.

"एक मिनिट. फेस बघ, कडेला येऊन कसा थबकतो."

"थबकला नाही, खाली गेला. आता ओटा पूस, आणि पुसताना त्याचाही काढ फोटो."

त्याने काढलाही.

चौकात त्याचा स्टुडिओ होता. गल्लीत त्याला सगळे 'हसू नका' म्हणत, कारण गिऱ्हाइकांना तो दिवसभर तेवढंच म्हणे. "हसू नका आहेत का?" असं विचारत लोक आत शिरत, आणि तो गंभीरपणे "बसा" म्हणे. पोटासाठी तो ओळखपत्रांचे फोटो काढी. आत्म्यासाठी वेगळे विषय होते: ओली छत्री, बंद दुकानापुढची रिकामी खुर्ची, जिन्यात एकटाच वाळत पडलेला मोजा. डोळे सगळ्यांना असतात, नजर एखाद्यालाच असते, असं त्याचं मत होतं. आणि तो एखादा कोण, याबद्दल त्याला शंका नव्हती. "जे रोज दिसतं ते कुणी पाहतच नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. येणारे त्यामुळे लवकर जाणारे होत.

ओळखपत्राच्या फोटोंवर मात्र तो जरा हात फिरवी. तीळ पुसायचा, आठी घालवायची, एक कान वर असेल तर दुसऱ्याला त्याच्या बरोबरीला आणायचं. हात एक, तऱ्हा एक. त्यामुळे हळूहळू सारी गल्ली एकाच आईची लेकरं दिसू लागली. कुलूपवाल्याच्या बायकोने एकदा शिंपीणबाईंचा फोटो आपला समजून नेला आणि वर्षभर कपाटावर मिरवला. कुलूपवाल्यालाही फरक कळला नाही. "फोटोत तू छान येतेस," एवढंच तो म्हणाला.

आईच्या जुन्या पासपोर्टवरचा फोटोही याच हातचा.

नव्या पासपोर्टला फोटो न्यावा लागत नव्हता. कचेरीतल्या खिडकीवरच कॅमेरा बसवलेला होता. तो समोरचा चेहरा टिपायचा, यंत्र तो जुन्या फोटोशी ताडून पाहायचं. जुळला तर हिरवा दिवा, नाही तर लाल. आई समोर बसली आणि दिवा लाल झाला.

"या त्या नाहीत," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"अहो, ही माझी आई आहे."

"असेल, मी कुठे नाही म्हणते? पण जुन्या फोटोतल्या बाई या नाहीत. त्यांचं कपाळ कोरं आहे. यांच्या दोन भुवयांमध्ये ही एवढी उभी आठी."

"ती होती. मी पुसली होती."

"का?"

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. "बरं दिसतं," तो म्हणाला.

"मग आता खरीही पुसा आणि घेऊन या. शुक्रवारपर्यंत. नंतर फाइल बंद होईल, पहिल्यापासून सगळं करावं लागेल, आणि तोवर ते बाळ चालत येऊन आजीला भेटेल."

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"तू आईला फोटोत दुरुस्त केलंस?"

"थोडंसंच."

"आणि आता खरी आई चालत नाही?"

"मला चालते. यंत्राला चालत नाही."

"गाढवा," ताई म्हणाली. "मला भीती वाटते रे. इथे सगळं आहे, डॉक्टर आहेत, नवरा आहे. पण मला आई हवीय. काय वाट्टेल ते कर."

त्याने काय वाट्टेल ते केलं. कपाळाला क्रीम चोळलं. उशी बदलली. आईला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवून विनोद सांगितले. त्याचे विनोद ऐकून आठीला शेजारी अजून एक आठी आली. मग तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि तिच्या कपाळाकडे टक लावून पाहत राहिला.

"कपाळ सैल सोड."

"सोडलंय."

"कुठे सोडलंयस?"

"अरे, तू समोर असा डोळे वटारून बसलास तर कपाळ काय डोंबल सैल होणार आहे?"

हे वाक्य त्याने ऐकलं. पण ऐकणं हा त्याचा विषय नव्हता.

शुक्रवारी तो स्टुडिओतले दोन मोठे दिवे, त्यांचे स्टँड आणि पांढरी छत्री घेऊन कचेरीत पोचला. हिशेब साधा होता. आठी म्हणजे सावली. समोरून मऊ प्रकाश टाकला की सावली मरते.

"शूटिंग आहे का?" दारावरच्या शिपायाने विचारलं.

"आईचं."

शिपायाने टोपी सरळ केली आणि रांगेतल्या बायकांनी केस. फोटोग्राफरने खिडकीपाशी दिवे लावले, आई मधोमध बसली. लाल. त्याने डावा दिवा वर घेतला. लाल. छत्री जवळ आणली. लाल. मग तो आईच्या नाकाशी नाक लावून उभा राहिला, घामाघूम होऊन, आणि सवयीने म्हणाला, "हसू नका."

"मी कशाला हसेन?" आई म्हणाली. "तुझ्या पायात वायर अडकलीय, तेवढी आधी सोडव."

"अहो," खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही तुमचा हा मांडव घेऊन जरा बाहेर जाता का? तुमच्या दिव्यांनी माझा पंखा बंद पाडलाय. मी शेवटचं एकदा करून बघते, मग खिडकी बंद."

तो बाहेर गेला. पायरीवर छत्री मांडीत घेऊन बसला. समोर एका स्कूटरच्या सीटवर मांजर झोपलं होतं, त्याची सावली हँडलवर पडून शिंगांसारखी दिसत होती. असा फोटो वर्षात एकदा मिळतो. त्याने कॅमेऱ्याला हातही लावला नाही. ताईला आता काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

आतून टिंग असा आवाज आला. तो धावत गेला. दिवा हिरवा होता.

"काय केलंत?"

"मी काहीच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात आणि यांचं कपाळ इस्त्री फिरवल्यासारखं झालं. हुबेहूब जुन्या फोटोतल्या बाई. मीच दचकले."

त्याने आईकडे पाहिलं. आठी जागच्या जागी होती.

"पण आत्ता तर आहे!"

"असणारच," आई म्हणाली. "तू आलास ना."

"म्हणजे मी दिसलो की तुला राग येतो?"

"राग कसला, वेड्या! नीट बघायचं म्हटलं की कपाळाला आठी पडतेच. जेवला नाहीस वाटतं? आणि शर्टाला ते काय लागलंय?"

जुन्या फोटोतला तो कोरा चेहरा आपण घडवला, असं फोटोग्राफर इतकी वर्षं समजत होता. तो चेहरा आईचाच होता. कुलूपवाल्याने पाहिला असेल, शिंपीणबाईंनी पाहिला असेल, आता खिडकीतल्या बाईंनीही पाहिला. गल्लीत ज्या एकट्याला नजर होती, तेवढ्यालाच तो दिसायचा राहिला होता.

"आत्ताचा फोटो मला दाखवता?" त्याने बाईंना विचारलं.

"ज्याचा त्यालाच दाखवता येतो. नियम आहे."

तो दाराबाहेर गेला, थोडा थांबला आणि फटीतून हळूच डोकावला. आई दाराकडेच बघत होती, आठी घालून.

"दाराआड उभा राहू नकोस," ती म्हणाली. "कुणीतरी येईल आणि नाकावर आपटेल."

कचेरीत एक सूचनापेटी होती. शिपायाकडून कागद मागून घेऊन त्याने उभ्या उभ्या लिहिलं आणि पेटीत टाकलं:

'मा. अधिकारी महोदय यांस,

विषय: आईचा चेहरा पाहण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार हा व्यवसायाने फोटोग्राफर असून सदर महिलेचा मुलगा आहे. अर्जदार समोर नसताना सदर महिलेचा चेहरा जसा असतो, तसा तो अर्जदारास, अर्जदार समोर असताना, त्या परदेशी रवाना होण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष पाहू देण्याची व्यवस्था आपल्या स्तरावरून व्हावी, ही नम्र विनंती.'