शेडमधली दांडी कोणी फिरवली?

मित्रांनो, मी एक जुनी गाळटाकी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावात, व्हर्ना आणि लायल या वयस्क जोडप्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उभी असते. त्यांच्या बोअरचे पाणी दिसायला काचेसारखे. पण त्यात लोखंड आणि चुना मुरलेला. माझ्या पोटातली वाळू लोखंड अडवते. शेजारची मिठाची टाकी चुना काढून पाणी मऊ करते.

मी येण्यापूर्वी या घरातले टब आणि भिंती तांबड्या असत. म्हणून व्हर्नाने बागेचा नळसुद्धा माझ्यातून गाळलेल्या पाण्यावरच जोडून घेतला. क्लबच्या हिरवळीवर ती बोल्स हा चेंडू घरंगळवण्याचा खेळ खेळायला जाई, तेव्हा तिचे पांढरे कपडे सगळ्यांत शुभ्र असत. बायका कारण विचारत आणि ती माझ्याकडे बोट दाखवी. ते माझे चांगले दिवस होते.

मग मागची खोली लिगायाने भाड्याने घेतली. ती फिलिपिन्सहून आलेली, गावच्या इस्पितळात नर्स. गावात दुसरी खोली रिकामी नव्हती. त्याच महिन्यात व्हर्नाचे कपडे पिवळट निघाले. तिने ब्लीच ओतले, तर ते पार नारिंगी झाले. लोखंडाच्या पाण्यात ब्लीच चालत नाही, हे ती इतक्या वर्षांत विसरली होती.

तिने मिठाची टाकी उघडून पाहिली. मीठ भरपूर होते. मग संशयाला माणूस हवा होता.

ती मागच्या भिंतीला कान लावू लागली. पलीकडून पाणी सपसप अंगावर ओतल्याचे आवाज येत, थांबत, पुन्हा येत. ती लायलला म्हणाली, "ऐकतोस ना? बदकं सोडल्यासारखी आंघोळ चाललीय. टाकीचा दम हीच काढते."

लायल वर्तमानपत्रात डोके घालून बसला. टाकी मी बघतो, सगळं ठीक आहे, असे त्याने सांगितले.

मित्रांनो, मला मात्र खरे ठाऊक होते. त्या महिन्यापासून तो रोज सकाळी हळूच येई, माझी बाजूची दांडी फिरवी आणि निघून जाई. मग बोअरचे पाणी मला आणि मिठाच्या टाकीला वगळून थेट घरात जाई. दांडी परत फिरवायला तो पुष्कळदा विसरे. मी सारे पाहत होते, पण टाकीला कोण विचारतो?

बोल्सच्या अंतिम सामन्याच्या आधी व्हर्नाने लिगायाला रविवारपर्यंत खोली सोडायला सांगितले. कारण सांगितले नाही. रविवारी सकाळी चहासाठी तिने केटलीचे झाकण उचलले. आत पांढरा, खरबरीत थर बसला होता. मऊ पाण्याचा असा थर कधीच बसत नाही.

"लायल, चहाला पाणी कुठलं घेतोस?"

त्याने केटलीकडे पाहिले. "जुनंच, थेट बोअरचं. त्या मऊ पाण्याचा चहा म्हणजे उकळलेला ढग गं. पाणी भरलं की दांडी परत फिरवायची असते. राहून जातं."

"आणि मी त्या पोरीला घालवतेय, ते दिसत होतं ना तुला?"

तो उठून शेडमध्ये आला आणि त्याने माझी दांडी परत फिरवली.

व्हर्ना मागे गेली तेव्हा लिगाया सामान बांधत होती. न्हाणीघरात एक बादली होती आणि दांड्याचा मग. व्हर्नाने शॉवरकडे पाहिले. तो कोरडा होता.

"मॅम व्हर्ना, एका बादलीत होते माझी आंघोळ. घरच्यासारखी," लिगाया म्हणाली.

व्हर्नाने माफी मागितली, राहा म्हणाली, भाडेही नको म्हणाली.

"तुम्ही चांगल्या आहात. पण भिंतीपलीकडे तुमचा श्वास ऐकू यायचा मला. आता पाणी घेताना हात थांबतो."

ती इस्पितळातल्या एका मैत्रिणीकडे जमिनीवर झोपायला गेली.

मित्रांनो, माझी वाळू वेळेवर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा, दांडी रोज पाहा. पाणी बिघडले तर आधी शेडमध्ये या, माणसाच्या दाराशी नंतर. आता माझी दांडी कोणी हलवत नाही. मागच्या खोलीच्या नळापर्यंत मी स्वच्छ, मऊ पाणी नेऊन ठेवते. तो नळ कोणी सोडत नाही.