धक्क्यापासून दुसरं घर

ऑडनीने दाराला कडी घातली आणि वर खुर्चीही टेकवली. खिडकीतून तिने चर्चच्या नव्या पाळकाला उतार उतरून येताना पाहिलं होतं. काळा कोट, खाली मान, आणि कुठल्याच कुंपणापाशी न थांबणारी पावलं.

उत्तर नॉर्वेतल्या या बेटावर माणूस समुद्रात बुडाल्याची बातमी पाळकानेच आणायची, अशी रीत. म्हणून जुने पाळक नुसते गप्पांना निघाले तरी कोपऱ्यावरूनच ओरडायचे, “कॉफीला आलोय गं!” हा दक्षिणेतल्या शहरातून शरदात आलेला पोरगा, याला हे कोण सांगणार? पण आज कुणी कॉफीला येण्यासारखा दिवसच नव्हता. वादळाने टेलिफोनच्या तारा तोडल्या होत्या आणि गावाच्या दोन बोटी परतल्या नव्हत्या. त्यातल्या एकीवर तिचा मुलगा हाल्वर होता.

दार वाजलं.

“मी पाळक. जरा उघडता का?”

“नाही.”

“बाई, बाहेर उभं राहून बोलण्यासारखं नाही हे.”

“मग बोलूच नका! तुम्ही बोलत नाही तोवर तो आहे.”

तो गेला नाही. ऑडनी दाराला पाठ लावून जमिनीवरच बसली. दुसरं काही सुचेना म्हणून ती प्रभूची प्रार्थना म्हणू लागली. नवरा बुडाला तेव्हापासून ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही ओळ ती चर्चमध्ये गाळत आली होती, नुसते ओठ हलवायची. देवाशी तिचं तेवढंच भांडण होतं. आज त्याच ओळीशी येऊन ती अडली. मागे गेली, पुन्हा अडली. मग मोठ्याने रडली आणि पाळकाच्या कानावर जाऊ नयेत असे चार शब्द तिने देवाला सुनावले. आणि त्या शब्दांच्या पाठोपाठ ती ओळही तोंडातून निघून गेली.

“घे,” ती म्हणाली. “तुझाच होता.”

रडू थांबलं. छातीवरचा धोंडा हलला नव्हता, पण आता तो ती एकटी पेलत नव्हती. हे कसं झालं, तिला सांगता आलं नसतं. तिने खुर्ची सरकवली आणि कडी काढली.

“सांगा. हाल्वर कुठे सापडला?”

पाळकाच्या भुवयांवर बर्फ साचला होता. “हाल्वर? त्याची बोट शेजारच्या बेटावर लागलीय, सगळे सुखरूप आहेत. मी एरलिंगबद्दल... तुम्ही त्यांच्या पत्नी, योरुनबाई ना? धक्क्यावरून निरोप आला, दुसरं लाल घर.”

“धक्क्यापासून दुसरं! इथे घरं धक्क्यापासून मोजतात. तुम्ही चर्चकडून मोजलीत, शहाणे!”

तिला हसू फुटलं. लगेच तिने तोंडावर हात दाबला. खाली योरुनच्या धुराड्यातून धूर निघत होता. सकाळीच दोघींनी एका टेबलाशी बसून आपापल्या माणसांच्या नावाने बोटं मोडली होती. आता आनंद मानावा, तर तो कुणाच्या जिवावर? आणि देऊन टाकलेला मुलगा परत घ्यायचा तरी कसा? मन शांत होतं खरं, पण त्या शांतपणाचीच तिला लाज वाटत होती.

“तुम्ही आत जे म्हणत होतात,” पाळक खालच्या आवाजात म्हणाला, “ते तिथे म्हणाल? माझी पहिलीच वेळ आहे. मला नाही जमायचं.”

ऑडनीने शाल घेतली.

“माझ्या पोरासाठी म्हटलं ते. तिच्या नवऱ्यासाठी म्हणणारी मी कोण?”

योरुनच्या कुंपणापाशी तिने त्याला होड्यांच्या छपरामागे उभं केलं. “कोट दिसला की ती समजेल. मी तिला आधी बसवते, मग या.”

इथे शेजारणी दार वाजवत नाहीत. ऑडनी सरळ स्वयंपाकघरात शिरली. चुलीपाशी उभी असलेली योरुन काहीतरी चेष्टेचं बोलायला वळली, आणि ऑडनीचे रडून सुजलेले डोळे पाहून तिथेच थांबली.

“अगं बाई! हाल्वर?”

हातातला डाव टाकून ती धावली. तिने ऑडनीला पोटाशी धरलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

“देव आहे गं,” ती म्हणत होती, “देव आहे.”

ऑडनीने तिला घट्ट धरलं, आणि थोडा वेळ तसंच म्हणत राहू दिलं.