खुर्चीवरचा कोट

“तू इथंच थांब. कुणी विचारलं तर मी जवळच आहे.”

माझी कॉलर सारखी करत खायेसी पहिल्यांदा असे पुटपुटला, ते मला अजून आठवते.

मित्रांनो, मी एक जुना राखी कोट आहे. काकामेगा शहराच्या बाजारातल्या शिंप्याने मला शिवले. खायेसीला जन्मनोंदणीच्या कचेरीत नोकरी लागली, तेव्हा त्याच्या आईने माझ्यावरून हात फिरवून देवाचे आभार मानले होते. काही वर्षे मी त्याच्या अंगावर मानाने मिरवलो. मग त्याने गावाकडे घर बांधायला काढले आणि मी खुर्चीच्या पाठीवर आलो. कोट दिसला, की कचेरीच्या प्रमुख मुहोंजा मॅडमना वाटे, माणूस आसपासच आहे. तो मात्र गावी गवंड्यांपाशी असे. दारात पाऊल वाजले, की माझ्या शिवणी आवळत.

एका गुरुवारी सकाळीच खासांडी आजी आली. नातीचा जन्मदाखला हवा होता. त्याशिवाय शाळा परीक्षेचा अर्ज घेणार नव्हती, आणि मुदत दुसऱ्याच दिवशी दुपारी संपत होती.

“साहेब कुठं गेलेत रे बाबा?”

शेजारच्या टेबलावरचा शितांडा हसला. “कोट दिसतोय ना, आजी? तो काय एकटा चालत आला? बसा, येईलच.”

“खरंच की. कोट टाकून कोण लांब जातंय!”

ती बसली. चहाची वेळ गेली, जेवणाची गेली. तिने फडक्यातले रताळे खाल्ले आणि पुन्हा माझ्याकडे पाहत राहिली. मला तोंड असते तर ओरडलो असतो, ‘आजी, मॅडमकडे जा!’

संध्याकाळी खायेसी परतला तेव्हा मॅडम दाखल्यांचा शिक्का कुलपात ठेवून घरी गेल्या होत्या.

“आजी, मी... मी जवळ नव्हतोच.”

“मग हा?” तिने माझ्याकडे बोट केले.

त्याची मान खाली गेली. “उद्या दुपारच्या आत दाखला मी स्वतः शाळेत देतो.”

“विश्वास कुणावर ठेवू? तुझ्यावर की तुझ्या कोटावर?”

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंना जपा. उसवले तर टाका घाला, ऊन दाखवा. पण आमच्याकडून खोटे वदवू नका. जायचेच असेल तर सांगून जा.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच तो मॅडमपुढे उभा राहिला.

“मॅडम, काल मी नव्हतो. त्याआधीही कितीतरी वेळा नव्हतो.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. “हे सगळं लेखी लागेल. नोकरीचं काय ते वरचे ठरवतील. आधी तो दाखला आण.”

शिक्का बसला. खायेसीने दाखला माझ्या आतल्या खिशात ठेवला आणि मला अंगात घातले.

“आज कुठं रे?” शितांडाने विचारले.

“शाळेत. दाखला देऊन येतो,” तो म्हणाला. हळूच दार लोटून शाळेच्या चढणीला लागला.