चौकशीतलं एक वाक्य

तिनं सुरक्षित जोडणीच्या सेटिंगमधलं 'नाही' पुसून 'हो' लिहिलं, फाइल जतन केली आणि डेटाबेसचा सर्व्हर पुन्हा सुरू केला. मिनिटभरात टेबलावरचा फोन वाजला. तो उचलते तोच दुसरा.

"ताई, स्क्रीनवर लाल पट्टी आलीय. जोडणी नाकारली म्हणतंय," नोंदणीच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली.

"येतेच. तोवर कागदावर लिहून घे."

रुग्णालयातले सगळे संगणक आणि तळमजल्यावरच्या खोलीतला तो सर्व्हर ती एकटी सांभाळायची. पासवर्ड विसरला की प्रत्येकाला तिच्याकडेच यावं लागे, म्हणून सगळे तिला कुलूपवाली ताई म्हणत. आज तिनं सर्व्हरला बजावलं होतं की जो संगणक सांकेतिक भाषेत बोलणार नाही त्याला दारातूनच परत पाठवायचं. आता एकेका संगणकालाही शिकवायचं होतं की समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र नीट पाहिल्याशिवाय रुग्णाची एक ओळही पाठवायची नाही.

अडचण क्षुल्लक होती. प्रमाणपत्र सर्व्हरच्या नावानं काढलेलं होतं आणि खिडक्यांवरचे संगणक त्याला आकड्यांच्या पत्त्यानं हाक मारत होते. नाव जुळत नव्हतं, म्हणून लाल पट्टी. ती एका खिडकीवरून दुसरीकडे गेली, प्रत्येक ठिकाणी आकडे खोडून नाव लिहिलं, प्रमाणपत्राची फाइल ठेवली, पट्टी गेल्याची खात्री केली. नोंदणी, औषधं, क्ष-किरण, प्रयोगशाळा. एकूण बारा संगणक. शेवटच्या खुर्चीतून उठताना तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाऊण तास लागला होता.

चार वर्षांपूर्वी हीच लाल पट्टी आली होती. सोमवारची सकाळ होती, रांग फाटकापर्यंत गेली होती आणि अधीक्षक तिच्या खुर्चीमागे उभे राहून "झालं का? झालं का?" म्हणत होते. तिनं सुरक्षित जोडणीची अटच काढून टाकली होती. रांग हलली, अधीक्षकांनी शाबासकी दिली. त्या ओळीशेजारी तिनं स्वतःच्या नावानं टीपही ठेवली होती: 'तात्पुरते. संध्याकाळी पूर्ववत करणे.' त्या संध्याकाळी काय अडचण आली होती, हे ती गेले आठ दिवस आठवून पाहत होती. काही आठवत नव्हतं. काही झालंच नसावं. ती घरी गेली असावी, एवढंच.

आठ दिवसांपूर्वी रंगकाम निघालं आणि नोंदणीच्या खोलीतलं कपाट हलवलं गेलं. मागे, नेटवर्कच्या तारेला जोडलेली, काडेपेटीएवढी काळी डबी सापडली. तिच्यातल्या कार्डावर त्या वाटेनं गेलेला मजकूर साठवलेला होता. रुग्णांची नावं, वयं, तपासण्यांचे निकाल. कोऱ्या कागदावर टाइप केल्यासारखं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. त्या टेबलावर पूर्वी एक कारकून बसायचा. कुणाच्या घरात काय चाललंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि लोक त्याला कौतुकानं आकाशवाणी म्हणायचे. तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

कार्डावरची पानं चाळता चाळता तिला लहान सिस्टरचा निकाल दिसला.

चार वर्षांपूर्वी, ती अट काढल्यावर काही आठवड्यांतच, लहान सिस्टरला काम करताना रुग्णाची सुई टोचली होती आणि तिला काविळीचा वाईट प्रकार जडला होता. उपचारांनी ती बरी झालीही असती, नव्हे झालीच, पण निकाल आला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर पोचली. तिच्या टेबलावर कुणी डबा उघडेना. तिच्या हातून सलाईन लावून घ्यायला रुग्ण नकार देऊ लागले. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. निकाल फक्त एका माणसाला माहीत होता, तो म्हणजे ज्यांनी रक्त तपासलं ते प्रयोगशाळेतले दादा.

चौकशीला तिलाही बोलावलं होतं. "संगणकातून बाहेर फुटलं असेल का?" असं तिला विचारलं गेलं.

"शक्यच नाही. आपली सगळी जोडणी बंदिस्त आहे," ती म्हणाली होती. तपासून पाहते, एवढंही म्हणाली नव्हती. दारात बसलेल्या दादांनी ते ऐकलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांना कामावरून काढलं.

बारावा संगणक सुरू झाल्यावर ती सकाळीच लिहून ठेवलेलं कबुलीचं पत्र घेऊन अधीक्षकांकडे गेली. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"आता इतक्या वर्षांनी हे उकरून काय मिळणार? आज दुरुस्त केलंत ना? मग झालं की."

"पत्र पोचल्याचा शिक्का हवाय मला," ती म्हणाली आणि शिक्का मिळेपर्यंत उभी राहिली.

दुपारी ती दादांच्या घरी गेली. दादा आता चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे आणि आज त्यांची साप्ताहिक सुट्टी होती. दार त्यांनीच उघडलं. केस पार पिकले होते.

"अगं, कुलूपवाली! ये ये. अगं ऐकलंस का, कोण आलंय बघ!"

वहिनींनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं, हसल्या आणि पाणी आणायला वळल्या. ती खुर्चीच्या कडेवर बसली. वाटेत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही कामाला आलं नाही.

"दादा, लहान सिस्टरचा निकाल तुमच्याकडून फुटला नव्हता. माझ्याकडून फुटला. संगणकाची वाट मी उघडी ठेवली होती. आकाशवाणीनं तारेला डबी लावून वाचलं सगळं. चौकशीत मी न बघताच बोलले."

दादा रागावतील, तिला घराबाहेर काढतील, असं तिनं धरलंच होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र भलताच गोंधळ होता.

"पण मीच बोललो होतो ना," ते म्हणाले.

"नाही दादा."

"अगं, मला आठवतंय. आधी नव्हतं आठवत. चौकशीत तिघं तिघं विचारायचे, मी नाही म्हणायचो. तू म्हणालीस संगणकातून शक्य नाही. मग मीच विचार केला, संगणक खोटं कशाला बोलेल? माझ्याच तोंडून कुठेतरी निसटलं असणार. आणि मग आठवलं. उपाहारगृहात, हात धुवायच्या नळापाशी. मी म्हणालो, बिचारी पोर. नळ गळत होता. सगळं दिसतं मला अजून."

"तसं झालं नाही. निकाल तुम्ही संगणकात भरलात आणि तिथून तो तारेवर गेला. वेळ आहे कार्डावर. त्यानंतर तासाभरात सगळीकडे झालं. तुम्ही तर त्या दिवशी दुपारपर्यंत प्रयोगशाळेतून उठलाही नव्हता. तुमच्या नावावरची नोंद सलग आहे."

दादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"मी तिच्या घरी जाऊन पाया पडलो होतो," ते म्हणाले. "माझ्या मुलीच्या वयाची पोर ती. हात धरून उठवलं तिनं मला. म्हणाली, दादा, माझ्या मनात काही नाही."

मागे वहिनी पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मीच पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "रोज रात्री उठून बसायचे. मी म्हटलं, बोलला असाल तर कबूल करून मोकळे व्हा एकदाचे. नसाल बोलला, असं मी म्हटलंच नाही." त्यांनी पेला खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि त्या आत गेल्या. आत भांड्याचाही आवाज आला नाही.

"सिस्टरला सांगायला हवं," ती म्हणाली. "नंबर आहे तुमच्याकडे?"

"आहे. मुलगा झाला तेव्हा फोटो पाठवला होता तिनं." दादांनी नंबर काढून दिला आणि तिनं तो आपल्या फोनवरून लावला.

पलीकडून फोन उचलला गेला. तिनं आपली ओळख सांगितली आणि मघाचंच सगळं पुन्हा सांगितलं, ह्या वेळी सावकाश, डबी, तार, पाऊण तासाचं काम, काही न वगळता. मग पलीकडून आवाज आला, "दादा आहेत तिथे? त्यांना द्या."

तिनं फोन दिला. दादा उभे राहिले आणि पाठमोरे झाले.

"हो गं... हो... अगं, रडतेस कशाला?" ते ऐकत राहिले. "नाही, नाही. तू मला माफ केलंस ते कुठे वाया गेलं? त्याच्यावरच तर राहिलो मी चार वर्षं."

तिनं पर्स खांद्याला लावली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं, थांबही म्हटलं नव्हतं. चप्पल घालताना तिला आतल्या दाराची कडी हलकेच पडल्याचं ऐकू आलं. वहिनींनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. ती उंबरा ओलांडून बाहेर आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकली. तिचा फोन अजून दादांच्या हातातच होता.

मागे फिरावं की नाही, हे तिला ठरवता येईना. उघड्या दारातून त्यांचा आवाज येत होता, मऊ, समजूत घालणारा.

"तुझी काही चूक नाही गं," ते म्हणत होते. "तुला कसं कळणार होतं? तुझी काही म्हणजे काही चूक नाही."

कठड्याला धरून ती तिथेच उभी राहिली, आणि ते पलीकडच्या मुलीशी बोलत होते तोवर ऐकत राहिली.