वास गेला तेव्हा

बायोगॅस उत्पादकांच्या संघटनेत जीनतचं काम एकच, गावोगाव फिरून लोकांची भीती घालवायची. उसाचा रस गाळून उरलेल्या मळीपासून गॅस होतो, त्यावर गाड्या पळतात, उरलंसुरलं खत म्हणून रानात जातं, हे ती असं सांगे की ऐकणाऱ्याला पटायचंच.

आटपाडीकडच्या एका गावानं मात्र हट्ट धरला. "आदी चालता प्लँट दावा. वास किती येतोय ते बगू, मग आमच्याकडं प्लँटला जागा द्यायचं बोलू." म्हणून ती त्यांना बसनं कृष्णाकाठच्या एका प्लँटवर घेऊन आली. गावकऱ्यांचे म्होरके होते भाऊसो, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले.

फाटकातच सडक्या अंड्यांचा वास आला.

"काय बाई, तुमी तर वास नसतोय म्हनलावता," भाऊसो म्हणाले.

जीनत ओशाळली. प्लँटचे मालक वीरधवल घाईनं पुढं झाले. "ताजी मळी पडलीय, एवढंच. या."

मळी कालवायच्या खड्ड्याचं झाकण उघडंच होतं. जीनत बाकीच्यांना टाकी दाखवत होती, तोवर भाऊसो कठड्यावर रेलून आत वाकले.

"आरं, या हिकडं! वास गेला की. आता कायबी न्हाई!"

"बघा, मी सांगत नव्हतो?" वीरधवल खुलले. माणसं खड्ड्याकडं निघाली.

जीनत गर्रकन वळली. हा वास एकाएकी गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं. गॅस वाढलेला असतो, मेलेलं असतं ते नाक.

"थांबा! कुणी पुढं जाऊ नका!"

"मॅडम, लोक घाबरतील," वीरधवलनी तिचा दंड धरला. तिनं हिसडा मारला, श्वास कोंडला आणि धावली. भाऊसोंचे गुडघे लटपटत होते, अंग आत कलत होतं. तिनं मागून सदरा धरून सगळा भार मागं टाकला. दोघंही फरशीवर आदळले. छाती फुटायची वेळ आली तरी ती ओढत राहिली. वारा येत होता त्या बाजूला, उसाच्या बांधावर पोचल्यावरच तिनं श्वास सोडला.

भाऊसो वाचले. सांगलीच्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला होता. बाहेर वीरधवल कुजबुजले, "ऊन लागलं म्हणा. नाहीतर माझाच नाही, तुमच्या सगळ्यांचेच प्लँट गेले म्हणून समजा."

ही भीती अगदीच खोटी नव्हती, हे तिलाही कळत होतं. तेवढ्यात गावकऱ्यांतला गुंडा नावाचा एकजण आला. "म्हाताऱ्याला काय झालं वं बाई?"

"गॅस लागला," जीनत म्हणाली. "झाकण उघडं होतं, धोका सांगणारं यंत्र नव्हतं. तुम्हाला आणायच्या आधी मी बघायला हवं होतं."

"म्हंजे तुमचा गॅस वंगाळ."

"गॅस कामाचाच आहे. पण हयगय केली तर माणूस मारतो. हे मी आधी सांगितलं नाही."

त्या वर्षी गावानं जागा दिली नाही. तपासणी होऊन प्लँट बंद पडला, आणि संघटनेनं जीनतला सभांना पाठवणं थांबवलं. मग एक दिवस गॅसचीच दुसरी कंपनी जागा मागायला गावात आली. भाऊसोंनी त्यांना चहा पाजला आणि जीनतला फोन लावला. "बाई, आमी आजून कुनाला हो म्हनलं न्हाई. धोका काय ते तुमी येऊन सांगा, मग बगू."

जीनतनं विचारलं, "काका, तब्येत कशी आहे?"

"हाय बरी. कवा येताय?"